चिऊच्या गाण्याबद्दल

इंदूर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुमची नात चिऊ बँडबरोबर गाणार हे कळल्यापासून तुम्ही माझ्याशी जेमतेम बोलता, तिच्याशी तर नाहीच. आई म्हणाली, "त्यांना लागलंय गं." लागणारच. दर उन्हाळ्यात ग्वाल्हेरला तुमच्यासमोर बसून तिनं जे गाणं घेतलं ते गिटार आणि ड्रमच्या आवाजात वाहून जाणार, असं तुम्हाला वाटतंय. फोनवर दोन वाक्यांनंतर आपला विषय बदलतो, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मला सारख्या शुभा मुद्गल आठवतात. १९९६ मध्ये त्यांचा 'अली मोरे अंगना' हा पॉप अल्बम आला तेव्हा आपल्याकडे येणाऱ्या मंडळींत केवढी चर्चा झाली होती! एवढी शिकलेली बाई, आणि हे काय गाते, असं सगळे म्हणत. पण तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. अलाहाबादला रामाश्रेय झांकडे सुरुवात, मग दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य आणि वसंत ठकार यांची तालीम, ठुमरी नैनादेवींकडून, शिवाय जितेंद्र अभिषेकी आणि कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, मार्गदर्शन. इतकं सगळं गळ्यात मुरल्यावर त्या या वाटेला गेल्या. आणि बाबा, मौद्गल्यांचं गांधर्व महाविद्यालय विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतलं. विष्णुबुवांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांची तालीम ग्वाल्हेर घराण्याची. म्हणजे ही वाट फिरून तुमच्याच दाराशी येते.

१९९९ मध्ये 'अब के सावन' आलं. शंतनू मोईत्रांचं संगीत, प्रसून जोशींचे शब्द. मागे ताल आजचा, पण गळा तोच, भरदार आणि मोकळा. सिनेमात नायिकेचा आवाज बारीक आणि गोड असावा असा रिवाज होता, त्या दिवसांत एका बाईनं छातीतून आवाज लावून पावसाला हाक मारली आणि ती घराघरांत ऐकली गेली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. सगळे वाद्यमेळाबद्दलच बोलत राहिले, या आवाजाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्याच वर्षी, २००० मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या काळातले पॉपचे बाकीचे चेहरे आज कितीसे आठवतात? कॅसेटचा धंदा बसला, वाहिन्यांवर सिनेमाची गाणी वाढली, लाट ओसरली. शुभाताई टिकल्या, कारण ख्यालाची बैठक त्यांनी सोडलीच नव्हती. २००३ मध्ये तबलावादक अनीश प्रधानांबरोबर त्यांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स ही स्वतःची संगीत कंपनी सुरू केली, तीही दुसऱ्याच्या मर्जीवर न राहता संगीत थेट ऐकणाऱ्यांपर्यंत पोचावं म्हणून. चिऊला मी हेच बजावून सांगितलंय: सकाळचा रियाज चुकला, की संध्याकाळची बँडची तालीमही बंद. अजून एकदाही चुकलेला नाही.

आता एक विचारते, रागावू नका. तुमचा लाडका टप्पा हा गानप्रकार मूळचा कुठला? पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यातून तो आला, लखनौच्या शोरी मियाँनी त्याला घडवलं आणि ग्वाल्हेरनं त्याला ख्यालाशेजारी मानाचं पान वाढलं. इथून पस्तीसेक किलोमीटरवर देवासला कुमारजींनी आजारपणात पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि त्या धुनांतून मालवती, लगनगंधार असे राग उभे केले. त्यांनाही का थोडं ऐकून घ्यावं लागलं? चिऊ कुमारजी नाही आणि शुभाताईही नाही, हे मला कळतं. पण बाहेरचं घरात घेताना ते पारखून घ्यायचं असतं, ही रीत तिनं तुमच्याकडूनच उचललीये.

मी परवा चिऊच्या बँडच्या तालमीला गेले होते. स्नेहलतागंजमधल्या एका मुलाच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. भीमपलासी रागातली तुमचीच मध्यलयीतली बंदिश चालली होती. गिटारवाल्या मुलानं एक कॉर्ड वाजवला, त्याबरोबर चिऊ थांबली. "यात शुद्ध गंधार लागतोय. माझा कोमल आहे. हा सूर काढ." तो म्हणाला, त्याशिवाय कॉर्ड रिकामा वाटेल. ही म्हणाली, "वाटू दे. नुसता सा आणि प ठेव, गंधार मी लावीन." त्यानं तसं वाजवलं आणि हिनं मध्यमावरून सूर न तोडता ओढत, मींड घेत गंधार लावला, अगदी तुम्ही लावता तसा, किंचित हलता. ड्रमवाला पोरगा काठ्या खाली ठेवून ऐकत बसला. बाबा, तुम्ही तिथं असायला हवं होतंत. आरोहात रिषभ-धैवत घेऊ नका म्हणून तिनं की-बोर्डवाल्यालाही दोनदा टोकलं. तिला बँडमध्ये सगळे "मॅडमजी" म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात.

सगळंच मला आवडलं असं नाही. ड्रम फार मोठा आहे, अंतऱ्यातले शब्द बुडतात. तानांची घाई होते, टाळ्यांसाठी होते असं वाटलं. हे मी सांगून तिला पटत नाही. तुम्ही सांगितलंत तर पटेल.

म्हणून रेकॉर्डिंग आईच्या मोबाइलवर पाठवलंय. आई, तू त्यांना इअरफोन लावून दे, त्या छोट्या स्पीकरवर गंधार नीट कळणार नाही. बाबा, आधी एकदा पूर्ण ऐका आणि मग तिला स्वतः फोन करा, मला नको. चुका सांगा, खरमरीत सांगा, ती वही घेऊन बसणार आहे. अंतऱ्याची दुसरी ओळ तिला नीट आठवत नाहीये, तीही तुमच्याकडूनच हवी आहे. रविवारी सकाळी दहानंतर ती घरीच असते.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून पाठवते. दिवाळीआधी दोघं या. तिकिटं हे काढतील.

तुमची,
मंजू