पॅरालीगल कोर्सची फी भरण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार,

माझ्या भाचीने बीए झाल्यावर एका खासगी संस्थेत ३२ हजार भरून सहा महिन्यांचा पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा, सर्टिफिकेट कोर्स केला, आता जिल्हा कोर्टासमोर एका वकिलांकडे महिना आठ हजारावर आहे. पोरगी मनापासून काम करते, नोटिसा टाइप करणं, तारखा बघणं, ई-फायलिंग, नकलांचे अर्ज, सगळं. पण घेताना वकील साहेबांनी सर्टिफिकेट बघितलंच नाही, विचारलं काय तर मराठी टायपिंग येतं का!

ॲडमिशनच्या वेळी हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडे पॅरालीगलची वेगळी सनद नसते, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त नोंदणी झालेले वकीलच करू शकतात. जाहिराती मात्र अमेरिकेतल्या पॅरालीगलचे पगार दाखवतात, तिथे मोठ्या फर्ममध्ये हा वेगळा पेशाच आहे, इथल्या तालुक्याच्या कोर्टात त्याचा काय संबंध?

शिकायचंच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवडलेल्या पॅरालीगल व्हॉलंटियर्सना, म्हणजे लोकांना कायदेशीर मदत मिळवून देणाऱ्या स्वयंसेवकांना, फुकट ट्रेनिंग देतं, नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) ही योजना २००९ पासूनची आहे, फक्त तिथे मानधन मिळतं, पगार नाही, हे धरूनच जावं. आणि ग्रॅज्युएट मुलांनी तेच पैसे सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीसाठी ठेवावेत असं मला वाटतं, निदान सनद तरी मिळते.

संस्थांनी आधीच्या बॅचमधल्या किती मुलांना, कुठे, किती पगारावर काम मिळालं ते फी घेण्याआधी लेखी द्यावं एवढीच मागणी आहे.

– एक मामा, सातारा