ओला गिलावा

मिलान, १२ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री उशिरा फ्लॉरेन्सहून परत आलो. लेक म्हणाली, बाबा, आता झोपा. पण तुला लिहिल्याशिवाय झोप लागणार नव्हती. सबंध दिवस मी तुझ्या नजरेनं भिंती बघत होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या अंगणात बसलो होतो, तेव्हा तू म्हणालास, "आबांचा चुन्याचा हौद बुजवून टाकतो. घाणीत दळलेला चुना आता मागतंय कोण? सगळ्यांना सिमेंट पायजे." मी तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो, पण आधी दिवस कसा गेला ते ऐक.

सकाळच्या गाडीनं दोन तासांत फ्लॉरेन्स. स्टेशनसमोरच सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च, स्टेशनलाही त्याचंच नाव. आत डाव्या भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं 'त्रिमूर्ती' नावाचं भित्तिचित्र आहे, साधारण १४२७ सालचं: क्रुसावरचा ख्रिस्त, मागे देवपिता, दोघांमध्ये पवित्र आत्म्याचं कबूतर. त्यांच्यामागे कमानीचं छत असं आत आत गेलंय की वाटावं, भिंत फोडून पलीकडे खोलीच बांधलीय. गड्या, हात लावून बघावंसं वाटलं! सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू क्रुसाच्या पायथ्याशी आहे, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. तिथे खिळा ठोकून, दोरी ताणून त्यानं ओल्या गिलाव्यावर रेषा मारल्या. त्यांचे ओरखडे अजून आहेत. आबा सुताला रंग लावून भिंतीवर फटका मारायचे, तो आवाज मला तिथे आठवला.

पुढे वसारी या चित्रकार-वास्तुकारानं त्याच्यापुढे दगडी वेदी उभारली आणि चित्र जवळजवळ तीनशे वर्षं दिसेनासं झालं. पण वसारीनं ते खरवडलं नाही, फक्त झाकलं. म्हणून ते राहिलं.

तिथून नदी ओलांडून कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची चॅपेलला, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या प्रार्थनाघरात, गेलो. वाटेत मोठ्या कॅथेड्रलचा घुमट लांबून पाहिला, रांग बघून पुढे निघालो. त्याची हळहळ नाही. ब्रांकाच्चीत अर्ध्या तासाची वेळ बांधून देतात, आणि तो अर्धा तास मी एका अरुंद पट्टीसमोर काढला. आदाम आणि ईव्ह स्वर्गातून हाकलले जातायत. आदामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, पोट आत ओढलं गेलंय, हुंदका पोटातून येतो तसं. ईव्हचं तोंड उघडं, डोळे मिटलेले. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की बाया जसा टाहो फोडतात, अगदी तसं. हे रंगवणारा पोरगा पंचविशीचा होता रे. १४२८ला रोममध्ये गेलासुद्धा. पुढे याच भिंतींसमोर बसून मायकेलअँजेलो चित्रं काढायला शिकला.

या दोघांच्या अंगावर नंतर कुणीतरी पानं रंगवून लाज झाकली होती. १९८०च्या दशकात सफाई झाली तेव्हा ती काढली. ती पानं तिसऱ्या कोसिमो या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या काळात आली असं मानतात. आणि त्याचा आपला संबंध ऐक. आपण जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरच्या पेटीखालचा तो संगमरवरी चौथरा बघत उभे होतो ना? तो याच कोसिमोनं पाठवलेला. फोज्जिनी या शिल्पकारानं फ्लॉरेन्समध्ये घडवला आणि १६९८मध्ये गोव्यात जोडून उभा केला.

आता तुझ्या कामाची गोष्ट. ब्रांकाच्चीच्या भिंतीवर आधी खडबडीत गिलाव्याचा थर, त्यावर बारीक चुन्याचा पातळ थर. हा वरचा थर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा, आणि तो ओला असेतो रंग भरून मोकळं व्हायचं. रंगात डिंक नाही, सरस नाही, नुसत्या पाण्यात खललेली माती. चुना सुकताना हवा ओढतो आणि परत दगड होतो, तेव्हा रंग त्या दगडाच्या पोटात अडकतो. उरलेला ओला गिलावा संध्याकाळी कापून टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच कडेला नवा जोड. त्या एका दिवसाच्या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. नीट बघितलं की जोड दिसतात. आज चेहरा, उद्या खांदा. आबा ओरडायचे, "चुना थांबत न्हाई कुणासाठी, जेवाय नंतर बसा!" मासाच्चोच्या मदतनिसांनीही हेच ऐकलं असणार.

आणि सुक्या भिंतीवर काम केलं तर काय होतं, ते दुपारी सांता क्रोचे या चर्चमध्ये पाहिलं. तिथे जोत्तो या मासाच्चोच्याही आधीच्या चित्रकारानं रंगवलेली दोन चॅपेलं शेजारी शेजारी आहेत. बार्दी चॅपेल ओल्या चुन्यावर केलेलं. पेरुझ्झी चॅपेल बरंचसं सुक्यावर केलेलं. हात एकच. पहिल्यात संत फ्रान्सिसच्या मृतदेहाभोवती जमलेले साधू सातशे वर्षांनी अजून रडतायत. दुसऱ्यात माणसं धुक्यातून बघावी तशी, नाक आहे तर डोळा नाही. मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चार फेऱ्या मारल्या. अजिंठ्यातही सुक्यावरच काम आहे हे मला माहीत आहे. तिथे डोंगराच्या पोटातल्या अंधारानं सांभाळलं. इथे शहरातलं चर्च, पूर, मेणबत्त्यांचा धूर, दोन्ही चॅपेलांवर मारलेली सफेदी, सगळं त्यांनी सोसलं.

फ्रान्सिसच्या त्या चित्रात मधोमध पांढरी पोकळी आहे. सफेदीखाली चित्र झाकलेलं असताना तिथे कुणाचं तरी थडगं भिंतीला चिकटवलं होतं. एकोणिसाव्या शतकात चित्र सापडल्यावर पोकळी रंगवून भरली, विसाव्या शतकात ती भर काढून टाकली. मला हे फार पटलं. गेलेलं ते गेलं म्हणावं, आपल्या मनचं त्यात घालू नये. तिथलाच चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा लाकडी क्रूस ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात बुडाला. चार मीटरहून उंच क्रूस, त्यावरचा निम्म्याहून जास्त रंग चिखलात वाहून गेला. गेलेल्या जागी बारीक रेघोट्यांचा उदास रंग भरलाय, चेहरा बनवलेला नाही. दोन हजार एकोणीसच्या पुरानंतर तू त्या वाड्याच्या भिंतीपुढे मुकाट उभा होतास, तसा मी तिथे उभा राहिलो.

मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाधीही त्याच चर्चमध्ये आहेत. नमस्कार करून निघालो.

संध्याकाळी कुठे गेलो असेन, ओळख. ट्राम आणि मग काशीने बागेतून बरंच चाललो, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमापर्यंत. तिथे आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आहेत. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते याच शहरात वारले, वय अवघं वीस. परवानगी मिळवून लोकांनी त्यांना या संगमावर अग्नी दिला. १८७४ची छत्री आहे, खाली फेटा घातलेला रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाला लोक 'इंडियानो'च म्हणतात. आदल्या दिवशी कोल्हापूरला फोनवर बोललो होतो, ते सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू आलं. लेकीनं हात धरला. पंचगंगेच्या घाटावर आपल्या राजघराण्याच्या समाध्या आहेत, यांच्या वाट्याला ही नदी आली. पण संगमच मिळाला. मी हातातली पाण्याची बाटली तिथे थोडी ओतली.

आता तुझं. सकाळपासून ज्या भिंतींसमोर मी उभा होतो, त्या सगळ्या मुरवलेल्या चुन्याच्या. तुझ्या हौदातला चुना आबांनी मुरत घातलेला आहे. तो मागणारं गिऱ्हाईक मी शोधतो. माझ्याच देवघराची भिंत सिमेंटनं फुगलीय, पहिलं काम तिचं. मी २६ तारखेला सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरतो. तोवर हौदावर पाणी ठेव, वरचा थर सुकू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच