कलम लावायला अनुदान, उपटायला काय?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

साहेब, काजूच्या दराचं रडगाणं आज नाही. आज रोठ्याबद्दल लिहितोय.

रोठा म्हणजे काजूचं खोड आणि मूळ पोखरणारी अळी. शास्त्रीय नाव निओप्लोसिडेरस फेरुजिनियस, पूर्वीचं प्लोसिडेरस फेरुजिनियस. झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, या अळीचा भुंगेरा मात्र इथलाच. तांबूस तपकिरी, नराच्या मिशा अंगाहून लांब. रात्री फिरतो, त्यामुळे बागेत जन्म काढलेल्यालाही क्वचितच दिसतो. मादी बुंध्याच्या फटीत किंवा उघड्या मुळांवर अंडी घालते. आठवडाभरात अळी सालीखाली शिरते आणि पुढचे सहा-सात महिने झाडाच्या अन्नरसाच्या वाटाच खात राहते. बाहेर दिसतो तो फक्त बुंध्याशी साचलेला भुसा आणि डिंक. पानं पिवळी पडल्यावर जाग आली, तर ते झाड गेलंच म्हणायचं.

परवा मी पटाशीने एका झाडाची साल सोलली. आत ओला, आंबूस वासाचा भुसा आणि बोटाएवढी पांढरट अळी. शेजारच्या वाळक्या खोडात अंड्याच्या टरफलासारखा टणक, पांढरा कोष सापडला. अळी तो चुन्याचा करते. फोडला तर रिकामा. भुंगेरा कधीच उडून गेला होता, बहुधा माझ्याच बागेत.

ते वाळकं खोड माझं नव्हे. बांधापलीकडची बाग चाकरमान्यांची, मालक गणपतीला येतात तेवढेच. 1990 च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेतली ती कलमं, आता म्हातारी. योजना चांगलीच होती, माझी बागही तिच्यातलीच. पण मेलेल्या झाडांचं काय करायचं? फळपीक विमा पाऊस आणि तापमान बघून ठरतो, रोठा त्यात बसत नाही. कृषी ऑफिसात विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, ‘उपटायला कलम नाही.’ आमच्याकडे कलमंच कलमं, आणि नेमकं हेच नाही!

मी माझ्या झाडांतल्या अळ्या तारेने काढतो, बुंध्याला औषध लावतो. पण पलीकडे मेलेली झाडं उभी असताना हे किती वर्षं करायचं? म्हणून मागणी एकच: मेलेली झाडं मुळासकट काढून जाळायला अनुदान द्या, आणि मालक गावात नसेल तर ग्रामपंचायतीला ते काम करू द्या. एकट्यादुकट्याने नव्हे, अख्ख्या वाडीने एकदम.

पाहणीला कोणाला पाठवणार असाल तर सकाळी पाठवा. दुपारी कातळावर उभं राहवत नाही.

आपला,
सिंधुदुर्गातला एक काजू बागायतदार