कोणती माळ घ्यावी, हा नंतरचा प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत एकच प्रश्न फिरत असतो : कोणती माळ घातली तर फळ मिळेल? तुळशीची, रुद्राक्षाची की स्फटिकाची? ‘सिद्ध’, ‘अभिमंत्रित’ असे शब्द चिकटवले की किंमत कितीही सांगता येते. घेणारा माळ गळ्यात घालतो आणि आपले काम झाले असे समजतो. खरे तर काम तिथून सुरू व्हायचे असते. माळ हे धार्मिक चिन्ह आहेच, पण त्याआधी ते माणसाला बाहेरून आत नेणारे साधन आहे. ते कसे नेते, हे तिच्या रचनेतच आहे, आणि नेमके तेच घरातल्या मुलांना कुणी सांगत नाही.

जपमाळेत 108 मणी असतात आणि त्यांच्या वर एक वेगळा, मोठा मेरुमणी. जपाची नोंद मात्र 100 धरतात. उरलेले 8 चुकलेल्या, अर्धवट म्हटलेल्या नामांसाठी सोडलेले. माणसाचे चित्त भरकटणारच, हे ज्यांनी मोजणीतच धरले त्यांची समज किती खोल होती! माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टेकवायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. दोन मण्यांमध्ये गाठ असली की एका वेळी एकच मणी सरकतो. मेरुमणी ओलांडायचा नाही. तिथे माळ उलटी फिरवून परत निघायचे. परंपरेत ही मेरूची मर्यादा आहे, आणि तिचा उपयोगही रोकडा आहे : डोळे मिटलेले असताना बोटालाच फेरा संपल्याचे कळते आणि मन क्षणभर थांबते. माळ जमिनीवर लोळू नये आणि कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून गोमुखी, म्हणजे हात आत घालून जप करायची कापडी पिशवी.

आता आतला प्रवास. सुरुवातीला नाम स्वतःच्या कानाला ऐकू येईल असे म्हणावे. हा वाचिक जप. काही आठवड्यांनी आवाज आपोआप खाली येतो, ओठ तेवढे हलतात; हा उपांशु. पुढे ओठही थांबतात आणि नाम मनात चालते, हा मानस. त्याच्याही पुढे श्वासावर नाम बसते : श्वास आत जाताना ‘सो’, बाहेर येताना ‘हं’. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाचे 21,600 होतात आणि परंपरा याच आकड्याला अजपाजप म्हणते. तिथे मण्यांची गरज राहत नाही. माळ हातातून सुटते, ती अशी. कुणी फेकून दिली म्हणून नव्हे, तिचे काम झाले म्हणून. पण पहिली पायरी न चढता ‘मला माळेची काय गरज, देव तर आत आहे’ असे म्हणणाऱ्याचा जप बहुधा दोन मिनिटांत संपतो आणि मोबाइल हातात येतो.

अडते कुठे, तर सर्वांत आधी वेगात. ‘राम कृष्ण हरी’ शांतपणे म्हणायला 3 सेकंद धरले तरी एका माळेला जवळपास साडेपाच मिनिटे लागतात. दोन मिनिटांत माळ होत असेल तर अक्षरे गिळली जात आहेत. दुसरी चूक संख्येची. पहिल्याच दिवशी 11 माळांचा संकल्प सोडला की चौथ्या दिवशी तो ओझे होतो. एकच माळ, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, निदान महिनाभर करावी. झोप येत असेल तर जेवणानंतर बसू नये, पाठ टेकू नये, डोळे अर्धे उघडे ठेवावेत. मन दुसरीकडे गेले म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नाही. ज्या मण्यावर लक्षात आले तिथूनच पुढे जावे. लक्षात येणे हीच तर साधना आहे. श्वासाशी नाम जोडताना श्वास मुद्दाम लांबवू वा जोरात घेऊ नये, त्याने गरगरते. लोकलमध्ये जप करायचा असेल तर 27 मण्यांची लहान स्मरणी बरी. तिचे चार फेरे म्हणजे 108.

वारकऱ्यांच्या तुळशीमाळेचा भाग वेगळा. ती मोजण्यासाठी नाही, ती शपथ आहे. ती ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घ्यायची आणि मग मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, हरिपाठ, पंढरीची वारी हे पाळायचे. म्हणून ‘माळकरी’ हा शब्द दागिन्यावर नाही, वागण्यावर आहे. फॅशन म्हणून ती माळ घालणाऱ्याला कुणी अडवणार नाही, पण त्या शब्दाचे वजन माहीत असावे.

मासुंदा तलावाभोवती थोडे चालले तरी हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत दिसते. कौपिनेश्वर मंदिरात रुद्राक्ष, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये 59 मण्यांची रोझरी, टेंभी नाक्यावरच्या जैन मंदिरात पंचपरमेष्ठींच्या, म्हणजे जैनांच्या पाच पूज्य श्रेणींच्या, 108 गुणांची नवकारवाली, पलीकडे राबोडीत 33 किंवा 99 मण्यांची तसबीह. बोटाला काम द्यायचे म्हणजे मन मोकळे होते, हे सगळ्यांनाच उमगलेले आहे.

विकत घेताना एवढे पाहावे. तुळशीचे खोड अंगठ्याएवढे झाले तरी पुष्कळ, म्हणून मोठाल्या, एकसारख्या मण्यांबद्दल शंका घ्यावी. रुद्राक्ष पाण्यात बुडाला म्हणजे खरा, ही परीक्षा फसवी आहे. खरा पण कच्चा मणी तरंगतो आणि आत जड काही भरलेला खोटा मणी बुडतो. मुखाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नैसर्गिकपणे गेल्या आहेत की कोरल्या आहेत, हे भिंगाखाली पाहावे. स्फटिक हाताला थंड लागतो आणि त्याने काचेवर ओरखडा उठतो. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. दोरा सुताचा असावा. नायलॉनच्या दोऱ्यावर गाठ नीट बसत नाही. लाकडी माळ साबणाच्या पाण्यात भिजली की मणी फुगतात आणि तडकतात, म्हणून आंघोळीआधी काढून ठेवावी. वारकरी माळ काढत नाहीत, त्यांनी ती नंतर कोरड्या फडक्याने टिपावी.

माळ तुटली की अनेक जण घाबरतात. अपशकुन वगैरे काही नसतो. मेरुमण्याजवळ दोरा सर्वांत जास्त घासतो, तिथेच तो आधी झिजतो. दोरा सैल पडून मण्यांत फटी दिसू लागल्या की माळा ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे नेऊन पुन्हा ओवून घ्यावी. अगदीच निकामी झाली तर ती तलावात सोडू नये, पिंपळाच्या फांदीला अडकवू नये. दोरा कापून वेगळा करावा आणि तुळशीचे किंवा लाकडाचे मणी घरच्या तुळशीच्या कुंडीत, मातीखाली दोन बोटे खोल पुरावेत.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)