काका, लेलँड हॉल ऑफ फेममध्ये गेले!

४ डिसेंबर २०२३

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री बातमी कळली आणि आधी तुम्हालाच फोन लावायला घेतला. मग वाटलं, हे लिहूनच सांगावं, आणि चारचौघांत सांगावं. आपल्या डेट्रॉईट टायगर्सचे जुने मॅनेजर जिम लेलँड बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडून आले. १२ मतं पुरली असती, १६ पैकी १५ मिळाली!

१,७६९ विजय, १९९७ साली फ्लोरिडा मार्लिन्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकणं, २००६ आणि २०१२ मध्ये आपल्या टायगर्सना तिथवर नेणं, हे सगळे छापतीलच. तुम्ही मात्र मला पहिल्यांदा सांगितलं होतंत ते हे, की हा माणूस मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, एकही सामना खेळलेला नाही. टायगर्सच्याच मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या फळीतल्या संघांत, कॅचर होता, बॅट चालली नाही, मग तिथल्याच लहान लहान संघांचा मॅनेजर म्हणून ११ वर्षं काढली.

२०१० च्या जानेवारीत मी डेट्रॉईटला आलो, बायको-मुलगी पुण्यात. तुम्ही बेसमेंटची खोली दिलीत, बर्फात गाडी चालवायला शिकवलंत. संध्याकाळी खाली टीव्हीवर टायगर्स आणि वरून काकूंची जेवायला हाक. "बॉलकडे काय बघतोस, डगआउटकडे बघ," असं तुम्ही म्हणायचात, म्हणजे मॅनेजर बसतो तिथे.

२ जूनची रात्र तुम्हाला आठवत असेलच. टायगर्सचा पिचर गलारागाने ओळीने २६ जण बाद केले होते. आणखी एक, की परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बाद, एकालाही बेसवर पोहोचू न देता. इतक्या वर्षांच्या इतिहासात तोवर फक्त २० झाले होते. सत्ताविसावा स्पष्ट बाद होता, पण अंपायर जिम जॉइस यांनी त्याला सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. मी उठून ओरडलो. तुम्ही गप्प बसलात. त्या रात्री रीप्ले पाहून जॉइस यांनी चूक उघडपणे कबूल केली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना, जॉइस होम प्लेटमागे, मुख्य अंपायर म्हणून. लाइनअप कार्ड, म्हणजे खेळाडूंची यादी, सामन्याआधी अंपायरला एरवी मॅनेजर नाहीतर त्याचा कोच नेऊन देतो. लेलँडनी ते गलारागाच्या हाती दिलं. तो चालत गेला, कार्ड पुढे केलं. जॉइस डोळे पुसत होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. रात्री त्याची क्लिप लागली तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात आणि म्हणालात, "बघितलंस? दोघांनाही वाचवलं लेलँडने."

त्याच आठवड्यात क्लायंटला चुकीचे आकडे पाठवून मी दोन दिवस तोंड मिटून बसलो होतो. त्या रात्री तुम्हाला सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. "सकाळी गेल्या गेल्या सांगून टाक. मी सोडतो तुला ऑफिसला," एवढंच म्हणालात. आणि मी आत जाऊन, बोलून, परत खाली येईपर्यंत तुम्ही पार्किंगमध्ये थांबून होतात. साधा तासभर गेला असेल. त्या तासाचे आभार मी आजवर मानले नव्हते, ते आज मानतो.

२१ जुलैला कूपर्सटाउनला, हॉल ऑफ फेमच्या गावी, सोहळा आहे. दिवसभराचा रस्ता आहे, तुमचे गुडघे दुखतात, ठाऊक आहे. मध्ये हवं तितकं थांबू. काकूंनाही घ्या. गाडी मी चालवतो.

तुमचाच,
बेसमेंटवाला