मित्रांचा पैसा पक्षाच्या खात्यात शोधू नका

संपादक महोदय,

राजकीय देणग्यांचा विषय निघाला की बोलणे अजूनही निवडणूक रोखे आणि मोठ्या कंपन्यांपाशीच थांबते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रोखे रद्द केले. कंपन्यांच्या देणग्यांवर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा होती, ती २०१७ मध्ये उठवली होती, तीही पुन्हा लागू झाली. हे मोलाचे काम झाले. पण परभणी, बीड, जालना, हिंगोलीत पुढाऱ्याचा श्रीमंत मित्र त्याच्यासाठी जो पैसा सोडतो, तो या निकालाच्या कक्षेत येत नाही, कारण तो पक्षाच्या खात्याकडे वळतच नाही. लेखा आणि बांधकाम शाखांचे कागद हाताळलेल्यांना त्याच्या वाटा ठाऊक असतात. त्या सर्व वाचकांना ठाऊक व्हाव्यात म्हणून हे पत्र.

पक्षाचे खाते का टाळले जाते, ते आधी सांगतो. एका व्यक्तीकडून वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी आली की पक्षाला तिचे नाव, पॅन आणि रक्कम नमुना २४-अ मध्ये निवडणूक आयोगाला कळवावी लागते, आणि तो नमुना आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर घेतली तर पक्षाची आयकर सवलत धोक्यात येते. देणारी कंपनी किमान तीन वर्षे जुनी हवी आणि संचालक मंडळाचा ठराव हवा. एवढे सोपस्कार करून शेवटी नाव उघडेच पडते. ज्याचा पुढच्या हंगामातल्या रस्त्याच्या निविदेवर डोळा आहे, त्याला नेमके तेच नको असते.

मग पैसा वस्तूंच्या रूपाने येतो. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. स्वतंत्र बँक खाते, पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या पानांची खर्चनोंदवही, प्रचारकाळात तीन वेळा तपासणी, एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख न देण्याचा नियम, सगळे काही आहे. पण मित्राच्या क्रशरवरच्या गाड्या, त्याच्या पंपावरचे डिझेल, त्याच्या नावाने घेतलेले मंगल कार्यालय आणि तिथल्या जेवणावळी या वहीत क्वचितच येतात. नियमाप्रमाणे फुकट मिळालेल्या वस्तूचीही जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकानुसार किंमत लावून नोंद व्हायला हवी. प्रत्यक्षात निवडणूक पथकाचा कॅमेरा परवानगी घेतलेल्या सभेपर्यंत पोचतो. साखरपुड्याच्या नावाखाली चाललेल्या पंगतीपर्यंत तो जात नाही, आणि नेमका तिथला खर्च सुटतो.

याला जुना इतिहास आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की, पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराला माहीत असेल आणि तो त्याने नाकारला नसेल, तर तो त्याच्याच खर्चात धरला पाहिजे. त्याच वर्षी कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ केला गेला. मित्रांच्या खर्चाला दिलेली ती मोकळीक काढून घ्यायला २००३ साल उजाडले. आज उमेदवाराच्या लेखी अनुमतीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली शिक्षा आहे ती दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची. कोट्यवधींची कामे घेणाऱ्या माणसाला या रकमेचे काय भय वाटणार?

हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे की नाही, हा प्रश्न आपल्याच भोकर मतदारसंघातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या निवडणूक खर्चाचे ते प्रकरण. ५ मे २०१४ च्या निकालाने आयोगाला तो अधिकार असल्याचे ठरले. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध सुरू केलेली कारवाई त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही नोंदवले पाहिजे. पण अधिकार आहे हे ठरले, ते आजही लागू आहे.

निवडणुकीच्या महिन्यापेक्षा मधल्या पाच वर्षांतला पैसा आम्हाला अधिक गंभीर वाटतो. तो संस्थांमधून येतो. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले, ते त्यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि त्या वेळी टंचाई असलेल्या सिमेंटचे वाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यामुळे. आता सिमेंट दुकानात मिळते, टंचाई आहे ती कामाच्या आदेशांची. शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांत पुढाऱ्याची पत्नी, मेहुणा आणि स्वीय सहायक असतात. इमारत निधीला ठेकेदार देणगी देतो किंवा वसतिगृहाचा स्लॅब स्वतःच टाकून देतो. संस्थेच्या ताळेबंदात त्याची एक ओळ येते, देणाऱ्याचे नाव येत नाही. देणगीदाराला आयकरात ८०-जी ची सवलत मिळवून देणाऱ्या संस्था देणगीदारांची यादी नमुना १०-बीडी मध्ये आयकर खात्याला देतात, पण ती यादी जनतेला दिसत नाही. कंपनीने सामाजिक दायित्वाच्या निधीतून पैसे दिले तर मात्र माग लागतो. कायद्याने हा निधी राजकीय पक्षाला देता येत नाही, पुढाऱ्याच्या संस्थेला देता येतो, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात काम करणाऱ्या संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक छापावाच लागतो.

हातउसने हा आणखी एक प्रकार. देणगी म्हटले की प्रश्न येतात, म्हणून बिनव्याजी कर्ज दाखवायचे. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात बँकांशिवाय इतर व्यक्तींकडून घेतलेल्या कर्जाचा वेगळा रकाना असतो. एकाच उमेदवाराची २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रे शेजारी ठेवून तो रकाना वाचा. तीच नावे, तीच रक्कम, पाच वर्षांत एक रुपया फेडलेला नाही, असे दिसले तर त्या नावांचे व्यवसाय काय आहेत ते पाहणे भाग आहे. शपथपत्रात स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि भागीदारीतील सरकारी कंत्राटेही लिहावी लागतात. मित्राची लिहावी लागत नाहीत. सगळी गोम इथेच आहे.

आता परतफेडीकडे. ती निविदेत होते आणि त्याहून जास्त निविदेनंतर होते.

निविदेत हत्यार असते अटींचे. डांबराचा हॉट मिक्स प्लांट कामापासून इतक्याच किलोमीटरच्या आत हवा, ही अट गुणवत्तेसाठी रास्त आहे, कारण मिश्रण थंड झाले तर दबाई नीट बसत नाही. पण अंतराचा आकडा तालुक्यातला एकच प्लांट बसेल असा ठरवला की स्पर्धा संपते. ‘समान स्वरूपाचे काम’ या अटीत पूल, रस्ता आणि बंदिस्त गटार एकाच कामात केल्याचा दाखला मागितला की दहा पात्र ठेकेदारांतले नऊ बाहेर जातात. कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे जागापाहणी प्रमाणपत्र सक्तीचे केले की कोण कोण निविदा भरणार हे उघडण्याआधीच कळते, आणि मग फोन जातात. निविदाक्षमतेचे सूत्र अ × न × २ वजा ब असे असते. अ म्हणजे मागच्या पाच वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल, न म्हणजे कामाच्या मुदतीची वर्षे आणि ब म्हणजे हातात असलेली कामे. गडबड बहुतेक वेळा ‘ब’ मध्ये असते. चालू कामे लपवली की क्षमता फुगते, आणि शेजारच्या विभागाकडून खात्री करून घेतली जात नाही.

स्पर्धा दाखवण्यापुरत्या सोबतीला भरलेल्या निविदा ओळखता येतात. तिघांच्या टक्केवारीत दशांशाचा फरक, उलाढालीच्या दाखल्यावर एकाच सनदी लेखापालाची सही, प्रतिज्ञापत्रांवर नोटरीचे लागोपाठचे क्रमांक, परिशिष्टांत त्याच त्याच शुद्धलेखनाच्या चुका. छोट्या कामांत वेगळी युक्ती चालते. एकाच रस्त्याचे साखळी क्रमांकाप्रमाणे, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या खुणांप्रमाणे, तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली आणतात. जिल्हा परिषदेच्या कामवाटपात ३३ टक्के कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेसाठी असे सूत्र आहे. त्यातली मजूर संस्था मित्राच्या नातेवाइकांची असेल तर राखीव कामही त्याच्याच दारात जाते, आणि खऱ्या मजुरांच्या संस्थेला वर्षानुवर्षे काम मिळत नाही. याची आम्हाला मनापासून चीड येते.

निविदा वीस टक्के कमी दराने गेली म्हणून कोणी समाधान मानू नये. बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या (टक्केवारीच्या निविदेच्या) करारातले कलम ३८ असे सांगते की, एखाद्या बाबीचे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर निविदेचाच दर लागतो, त्यापुढच्या परिमाणाला दर नव्याने ठरतो. शिवाय अंदाजपत्रकात नसलेल्या जादा बाबींची वेगळी दरयादी मंजूर होते. सोडलेले वीस टक्के या दोन मार्गांनी परत मिळवता येतात. मराठवाड्यातल्या बेसॉल्टच्या जमिनीत सर्वांत सोयीची जागा म्हणजे खोदाईचे वर्गीकरण. माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर चढत जातात. मोजमाप पुस्तिकेत मुरमाचा कठीण खडक झाला आणि वर भराव पडला की पुन्हा तपासता येत नाही. म्हणून प्रत्येक साखळी क्रमांकाचे भराव टाकण्याआधीचे छायाचित्र आणि पातळीपत्रक मागायला हवे. अतिवृष्टीनंतरची तातडीची दुरुस्ती आणि टंचाईतले टँकर यांत तर अल्प मुदतीच्या निविदा निघतात, म्हणून तिथे लक्ष दुप्पट ठेवावे लागते.

कामाचा आदेश एका फर्मला आणि साईटवर दुसराच माणूस, हेही नेहमीचे आहे. परवानगीविना पोटठेका देणे करारात निषिद्ध असते, म्हणून मुखत्यारपत्र करतात. खरा माणूस गौण खनिजाच्या वाहतूक पासवर, कामगार विम्याच्या पॉलिसीवर आणि डांबराच्या खरेदी पावतीवर दिसतो. देयकासोबत जोडलेले हे तीन कागद मागितले तर बहुधा उलगडा होतो.

मागायचे कसे, हेही सांगायला हवे. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत दाखल होतो. निवडणूक नियमांतील नियम ८८ प्रमाणे जिल्हा निवडणूक कार्यालयात एक रुपया शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो, त्यासाठी माहिती अधिकाराचीही गरज नाही. संस्थेचे विश्वस्त धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ च्या उताऱ्यात दिसतात आणि बदल अर्जांतून कोण आले-गेले ते कळते. ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये असतो. कंपनीचे संचालक केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, फर्मचे भागीदार भागीदारी संस्था निबंधकाकडे, मजूर संस्थेचे सभासद जिल्हा उपनिबंधकाकडे मिळतात.

निविदेसाठी मात्र माहिती अधिकार लागतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, शुल्क १० रुपये. ‘मागच्या दहा वर्षांतील सर्व कामांची माहिती’ असा अर्ज हमखास फेटाळला जातो. निविदा क्रमांक लिहावा आणि तांत्रिक लिफाफ्याचे (निविदाधारकांच्या पात्रतेच्या कागदांचे) तुलनात्मक विवरण, कलम ३८ व जादा बाबींचे मंजुरी आदेश, मोजमाप पुस्तिकेची ठरावीक पाने, एवढेच मागावे. त्रयस्थ पक्षाचे, म्हणजे माहिती ठेकेदाराची आहे असे, कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील करावे. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचे कागद त्या सबबीखाली सरसकट दडवता येत नाहीत.

पुढाऱ्याच्या मित्राने निविदा भरणे हा गुन्हा नाही, आणि असे मित्र असलेले काही ठेकेदार चोख कामही करतात. आमची मागणी एवढीच की हे नाते कागदावर यावे. नमुना २६ मध्ये उमेदवार किंवा त्याचे कुटुंबीय विश्वस्त असलेल्या संस्थांची नावे आणि त्यांना मागच्या पाच वर्षांत मिळालेल्या २०,००० रुपयांवरील देणग्या लिहिणे सक्तीचे व्हावे. त्यासाठी केंद्राला नियम बदलावे लागतील, वेळ लागेल. पण दुसरी गोष्ट इथेच करता येते. जिल्हा परिषदा आणि महापालिका निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात एक प्रतिज्ञापत्र मागू शकतात. निविदाधारकाने, त्याच्या भागीदारांनी वा संचालकांनी मागच्या तीन वर्षांत कोणत्या पक्षाला, उमेदवाराला किंवा लोकप्रतिनिधी विश्वस्त असलेल्या संस्थेला काय दिले, याचे. माहिती खोटी निघाली तर बयाणा रक्कम जप्त आणि फर्म काळ्या यादीत. मराठवाड्यातल्या आठ जिल्हा परिषदांपैकी कोणती हा ठराव आधी घेते, याकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत. वाचकांनी आपापल्या गटाच्या सदस्याकडे ही मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

आपले,
लेखा व बांधकाम शाखांतून निवृत्त झालेले काही वाचक,
परभणी