जिन्यातल्या पाट्या मोजून ये

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा फाडून टाकले, कारण पहिल्यात पर्यटनाच्या या शहराची नुसती स्तुती उतरली होती आणि दुसऱ्यात नुसती गाऱ्हाणी. येथे राहून आम्हाला अकरा वर्षे झाली, दोन्ही मुले येथेच वाढली, तेव्हा "मुलांना घेऊन तिकडे यावे का?" या तुझ्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देऊ शकेन असे तुला वाटले असेल. मला ते जमले नाही. म्हणून जे प्रत्यक्ष अनुभवले आणि जे वाचून समजून घेतले, ते सविस्तर लिहीत आहे.

तू येथे दोनदा आलास आणि दोन्ही वेळा चार-चार दिवस राहिलास. तेव्हा तुला जे आवडले ते खरेच आवडण्यासारखे आहे, त्यात काही फसवणूक नाही. पण पाहायला येणे वेगळे आणि नांदायला येणे वेगळे. पाहायला आलेल्या माणसाला शेजार लागत नाही, आणि लहान मुले असलेल्या घराला सर्वांत आधी तोच लागतो. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आमचे पहिले घर तुला आठवत असेल, जुन्या भागातले, दुसऱ्या मजल्यावरचे. आम्ही आलो तेव्हा त्या इमारतीत सहा बिऱ्हाडे होती आणि समोरच्या घरात एक वृद्ध जोडपे राहत असे. आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. ते दोघे मुलाकडे राहायला गेले आणि घरमालकाने ते घर पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने द्यायला सुरुवात केली. त्याला दोष देता येत नाही. महिन्याच्या भाड्याइतके पैसे हंगामातल्या थोड्या रात्रींत मिळत असतील तर वर्षभराचा भाडेकरू कोण ठेवील? सहाव्या वर्षापर्यंत सहांपैकी चार घरे तशी झाली. दारांवरच्या नावांच्या पाट्या गेल्या आणि त्यांच्या जागी आकडे जुळवून उघडायच्या किल्ल्यांच्या छोट्या पेट्या आल्या.

त्याच वर्षी एका रात्री अडीच वाजता मुलीला धाप लागली. माझ्या पत्नीला कामानिमित्त परगावी जावे लागले होते आणि धाकटा तीन वर्षांचा मुलगा गाढ झोपलेला होता. मुलीला रुग्णालयात न्यायचे तर त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवे, म्हणून पाय आपोआप समोरच्या दाराकडे वळले आणि मी दार वाजवले. एका तरुण जोडप्याने दार उघडले. ते त्याच संध्याकाळी उतरले होते, त्यांच्या बॅगाही अजून दारातच होत्या. माणसे भली होती. त्यांतली तरुणी लगेच चपला घालू लागली आणि खुणेनेच "मी येते" म्हणाली. पण ज्यांचे नावही मला ठाऊक नव्हते त्यांच्या भरवशावर झोपलेले मूल सोडून जाण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी एक कडेवर आणि एक हाताशी अशी दोघांना घेऊन मी जिना उतरलो. रुग्णालयात औषधाची वाफ दिल्यावर तासाभरात मुलीचा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दोघांचे आभार मानायला गेलो, तर दारात तिसरीच माणसे कुलूप उघडण्यासाठी खटपट करत उभी होती. हे दृश्य मी आजही विसरलेलो नाही.

हे फक्त आमच्या जिन्यातले दुखणे नव्हे. व्हेनिसच्या जुन्या बेटांवरच्या शहरात 1951 साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानात 2008 पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक लावलेला आहे आणि तो आकडा उतरत जाताना लोक उभे राहून पाहतात. 2023 मध्ये तर तेथे पर्यटकांसाठी असलेल्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केले, की पर्यटकांना सदनिका भाड्याने देण्याचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर द्यायचे तर नोंदणी करावी लागते, यजमानाला स्वतः त्याच घरात राहावे लागते आणि एका वेळी दोनच पाहुणे ठेवता येतात. ॲमस्टरडॅमने 2019 मध्ये वर्षाला तीस रात्रींची मर्यादा घातली. एवढी मोठी शहरे असे कठोर नियम करू लागली, याचा अर्थ नांदणारी माणसे निघून गेली की शहराचे काय होते हे त्यांनी पाहिलेले आहे. म्हणून कोणत्याही पर्यटनाच्या गावी बिऱ्हाड करण्यापूर्वी तेथे असा नियम आहे का, आणि असेल तर तो खरोखर पाळला जातो का, हे आधी विचार. हवापाण्याची चौकशी नंतर केलीस तरी चालेल.

भाडेकराराबद्दलही येथेच सांगतो. एका घरमालकाने आम्हाला दहाच महिन्यांचा करार देऊ केला होता. हंगामाच्या दोन महिन्यांत आम्ही सामान एका खोलीत बंद करून बाहेर पडायचे आणि पुन्हा परत यायचे, असा त्याचा प्रस्ताव होता. अशा जागी हा प्रकार सर्रास चालतो. एकट्या माणसाला ते कदाचित निभावता येईल, पण मुलांना दरवर्षी घरातून उठवणे मला मान्य नव्हते. तू बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या करारावर मुळीच सही करू नकोस, मग घर कितीही देखणे असो.

शाळेच्या बाबतीत बाहेरचा माणूस निकाल पाहतो. मी म्हणेन, आधी हजेरीपट पाहा. वर्षाच्या सुरुवातीला वर्गात किती मुले होती आणि शेवटी किती उरली, हा प्रश्न मुख्याध्यापकांना स्पष्ट विचार. हंगामी कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच येतात आणि मध्येच जातात. आमच्या मुलाचा दुसरीतला जिवलग मित्र असाच एका सोमवारी आला नाही. त्याच्या वडिलांचे काम संपले होते. आमच्या मुलाने त्याच्यासाठी आणलेला कागदी बोटींचा संच कितीतरी दिवस दप्तरात तसाच ठेवला होता. शिक्षकांचेही तेच. घरभाडी परवडत नाहीत म्हणून ते टिकत नाहीत. आमच्या मुलीला एका वर्षात तीन वर्गशिक्षिका मिळाल्या आणि तिघीही चांगल्या होत्या. स्पेनच्या इबिझा या पर्यटन-बेटावर नोकरी असूनही घर परवडत नाही म्हणून माणसे व्हॅनमध्ये राहतात, हे तू वाचले असशील. शिकवणारा, औषध देणारा आणि बस चालवणारा माणूस ज्या गावात राहू शकत नाही, त्या गावात तुझ्या मुलांची सोय कोण पाहणार?

आता पैशाचा आणि वेळेचा विचार. तुझी नोकरी पाणीपुरवठ्यातली आहे, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण पर्यटक आले किंवा न आले तरी पाणी लागतेच. वहिनी मात्र हॉटेलच्या व्यवस्थापनात काम शोधत आहेत, असे तू लिहिले आहेस. घरातली दोन्ही उत्पन्ने पर्यटनावर अवलंबून असू नयेत, असे माझे ठाम मत आहे. 2019 मध्ये जगभरात परदेशी प्रवाशांच्या सुमारे 146 कोटी फेऱ्या झाल्या होत्या. 2020 मध्ये त्या 40 कोटींच्या आसपास उतरल्या. जुगारगृहांसाठी प्रसिद्ध असलेले लास वेगास अमेरिकेच्या ज्या नेवाडा राज्यात आहे तेथे एप्रिल 2020 मध्ये बेरोजगारी तीस टक्क्यांच्या घरात गेली होती. आमच्या गल्लीत त्या वर्षी ज्या घरांत दोघेही हॉटेलांत होते, ती घरे सहा महिन्यांत गाव सोडून गेली. शिवाय इतरांना सुट्टी असते तेव्हा या धंद्यातल्या माणसाला सर्वांत जास्त काम असते, हेही वहिनींना सांग. मुलांच्या सुट्ट्या आणि आईची रजा यांचा मेळ वर्षभर बसत नाही.

एवढे वाचून मी तुला नको म्हणत आहे असे समजू नकोस, कारण आम्ही येथेच राहिलो आहोत आणि त्यालाही कारणे आहेत. शहराच्या लोकसंख्येच्या मानाने येथल्या सोयी मोठ्या आहेत. रात्री उशिरापर्यंत बस मिळते, विमानतळ जवळ आहे आणि संग्रहालयांत रहिवाशांच्या मुलांना मुक्तद्वार असते. अर्थात सोयींवर ताणही तितकाच पडतो. जपानमधल्या क्योतोमध्ये रोज ये-जा करणाऱ्यांनाच बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना, म्हणून तेथे दिवसभराच्या बसपासची विक्री 2023 मध्ये बंद करावी लागली. आमच्याकडेही हंगामात मुलांना शाळेसाठी अर्धा तास आधी निघावे लागते.

पण मुलांना येथे जे मिळाले ते दुसरीकडे सहज मिळाले नसते. आमची मुलगी चारचौघांत बोलायला बुजायची. नऊ वर्षांची असताना एकदा तिने नकाशा उलटा धरलेल्या एका वयस्कर बाईंना थांबवले, तो सुलटा करून दिला आणि कोपऱ्यापर्यंत सोबत जाऊन रस्ता दाखवला. तेव्हापासून ती अनोळखी माणसाशी डोळ्यांत पाहून बोलते. जगाच्या दुसऱ्या टोकाकडून माणसे जे पाहायला येतात, त्याच्यासमोरून आपण रोज शाळेत जातो, याची जाणीव दोन्ही मुलांना आहे. आणि हंगाम संपल्यावर हे शहर आपल्याला परत मिळते. समुद्राकाठच्या ज्या रस्त्यावर तुम्ही गर्दीतून वाट काढत चालला होतात, त्याच रस्त्यावर एका थंड सकाळी आमचा मुलगा सायकल शिकला. दुकानांची फळकुटे लागलेली होती आणि टोकापर्यंत एकही माणूस नव्हता. मी मागची सीट धरून धावत होतो. हात केव्हा सोडला ते त्याला बरेच पुढे गेल्यावर कळले.

मुले मोठी झाल्यावर एक काळजी मात्र वाढते. पंधरा-सोळाव्या वर्षी हंगामात सहज काम मिळते, हातात पैसे खेळू लागतात आणि पुस्तकात लक्ष लागत नाही. स्पेनमधल्या बालेआरिक बेटांवर शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण अनेक वर्षे चिंतेचा विषय राहिलेले आहे. आम्ही मुलीला सुट्टीत काम करू देतो, पण शाळेच्या दिवसांत नाही. तुझी मुले अजून लहान आहेत, तेव्हा याचा विचार पुढे करता येईल.

त्या रात्रीनंतर वर्षभराने आम्ही जुन्या भागातून चार किलोमीटर आत राहायला आलो. येथे पाहण्यासारखे काहीही नाही; एक शाळा, एक दवाखाना, एक मैदान आणि वाळत घातलेले कपडे. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. लास वेगासमध्येही रोषणाईचा तो रस्ता आणि लोकांची घरे असलेल्या वस्त्या जवळपास दोन वेगळी गावे आहेत, आणि मुले त्या वस्त्यांतच वाढतात. म्हणून "हे शहर मुलांसाठी कसे?" असे विचारण्यापेक्षा "ही गल्ली कशी?" असे विचारलेस तर तुला उपयोगी उत्तर मिळेल. आमच्या आताच्या इमारतीत वीस घरे आहेत आणि त्यांपैकी अठरांवर नावाच्या पाट्या आहेत. आमची जादा किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असते.

माझी विनंती एवढीच, की निर्णय करण्याआधी दोनदा ये: एकदा अगदी भर हंगामात आणि एकदा सगळे ओस पडलेले असताना. दोन्ही वेळा मुलांना बरोबर आण आणि त्या वेळी हॉटेलात उतरू नकोस. सकाळी आठ वाजता शाळेच्या फाटकाशी उभा राहा आणि मुलांना सोडायला येणारे एकमेकांना नावाने हाक मारतात का ते पाहा. ज्या इमारतीत घर पाहशील तिचा जिना वरपर्यंत चढ, पाट्या मोज आणि किल्ल्यांच्या पेट्याही मोज. रात्री दहानंतर किती खिडक्यांत दिवे असतात तेही पाहा, विशेषतः हंगाम नसताना.

आमच्या वरच्या मजल्यावरचे घर पुढच्या महिन्यात रिकामे होत आहे. मालक स्वतः तळमजल्यावर राहतात आणि त्यांना वर्षभर राहणारे कुटुंबच हवे आहे. तुझा होकार गृहीत धरलेला नाही, पण महिनाअखेरपर्यंत कोणाला शब्द देऊ नका असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. तुमची तारीख कळव, म्हणजे स्टेशनवर घ्यायला येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र